ऑफिसच्या फोनवरून ९११ लावला तर मजलाही कळायला हवा. कोणी बसवलंय का हे?

मजलेदार

नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस अमेरिकेत आहे, तीन मजली इमारत. (९११ म्हणजे इथला पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका यांचा तातडीचा नंबर.) फोनची व्यवस्था अलीकडेच जुन्या पीबीएक्सवरून (ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज) मायक्रोसॉफ्ट टीम्सवर, म्हणजे इंटरनेटवरून बोलायच्या अ‍ॅपवर, आली. टेबलावरचे फोन थोडेच उरलेत, बाकी सगळे लॅपटॉपवरूनच बोलतात. काही जण अधूनमधून घरून काम करतात.

काम करणाऱ्या ठेकेदाराने प्रत्येक नंबराला इमारतीचा रस्त्यावरचा पत्ता लावून दिला आणि काम पूर्ण झालं म्हणून सही मागितली. मी सही अडवून धरली आहे. तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला कोणाच्या छातीत दुखायला लागलं, त्याने ९११ लावला आणि बोलता बोलता त्याची शुद्ध हरपली, तर येणाऱ्यांना फक्त इमारतीचं दार सापडणार. पुढे तीन मजले, लांबलचक मार्गिका आणि बंद दारं. माणूस शोधायचा कुठे?

अडचण अशी की तिन्ही मजल्यांचं वाय-फाय एकाच सबनेटमध्ये (आयपी पत्त्यांच्या एकाच गटात) आहे. तारेच्या बाजूला प्रत्येक मजल्याला वेगळे स्विच (नेटवर्कच्या तारा जोडायच्या पेट्या) आहेत, पण व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा आतला विभाग, तोच. मग यंत्रणेला मजला कळणार कशावरून? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कायद्याचं बंधन नेमकं काय, तेही कोणी सांगितलं तर बरं होईल. ठेकेदार म्हणतो, पत्ता पुरतो.

कलम_५०६

ठेकेदार अर्धंच सांगतोय. दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

पहिला 'कॅरीज लॉ'. १ डिसेंबर २०१३ रोजी टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट हिचा तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने खून केला. तिच्या ९ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ चार वेळा लावला. शिकवलं होतं अगदी तसाच. पण त्या फोनवरून बाहेर बोलायचं तर आधी ९ दाबावा लागे, हे त्या पोरीला कुठून ठाऊक असणार? एकही कॉल लागला नाही. पुढे कॅरीचे वडील हँक हंट यांनी हा प्रश्न लावून धरला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या ऑफिस-हॉटेलांच्या फोन यंत्रणेवर आधी कुठलाही आकडा न दाबता ९११ थेट लागला पाहिजे. शिवाय त्याच वेळी रिसेप्शन, सुरक्षा कक्ष अशा कोणाच्या तरी लक्षात येईल अशा ठिकाणी सूचना पोचली पाहिजे: कॉल झालाय, परत फोन करायचा नंबर हा, जागा ही. सूचनेपायी मूळ कॉल रेंगाळता कामा नये.

दुसरा 'रे बॉम्स अ‍ॅक्ट', त्यातलं कलम ५०६. तुमचा प्रश्न इथला. कॉलसोबत 'डिस्पॅचेबल लोकेशन' गेलं पाहिजे, म्हणजे पडताळलेला रस्त्याचा पत्ता आणि शिवाय सूट, मजला, खोली असं जे माणसापर्यंत पोचायला लागेल ते. जागेवर पक्क्या असलेल्या फोनांना ही अट ६ जानेवारी २०२१ पासून आहे, लॅपटॉपसारख्या हलत्या साधनांना ६ जानेवारी २०२२ पासून. हलत्या साधनांना 'तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर आपोआप' अशी सवलत आहे खरी, पण टीम्सवर ते शक्य आहे, त्यामुळे त्या सवलतीच्या आडोशाला उभं राहू नका. एका खोलीच्या दुकानाला नुसता पत्ता पुरेल, तुमच्या इमारतीला पुरेल असं मला वाटत नाही. राज्याचे नियमही पाहा, काही राज्यांनी मजल्याच्या क्षेत्रफळावरून वेगळ्या अटी घातल्या आहेत. हे सगळं कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या आणि मगच ठेकेदाराशी बोला.

तारतम्य

मी हेच काम करतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ऑफिसातल्या फोनला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं. मी नेटवर्कच्या अमुक टोकाला जोडलेला आहे, एवढंच तो सांगू शकतो. ते टोक इमारतीत कुठे आहे, हे आपण आधी लिहून ठेवलेलं असलं तर जागा कळते, नाहीतर नाही. टीम्समध्ये या नोंदवहीला लोकेशन इन्फर्मेशन सर्व्हिस म्हणतात. सिस्कोचा इमर्जन्सी रिस्पॉन्डर उलट बाजूने जातो. तो स्विचना विचारत राहतो की कुठला फोन कुठल्या पोर्टवर (तार खोचायच्या खाचेवर) आहे. पण तिथेही पोर्ट म्हणजे कुठली जागा हे माणसानेच भरायचं.

टीम्स आधी बघतं की लॅपटॉपचा बाहेर दिसणारा आयपी तुमच्या विश्वासू आयपींच्या यादीत आहे का. असेल तर माणूस ऑफिसात आहे असं धरून पुढे शोध चालतो: आधी वाय-फायचा बीएसएसआयडी (वाय-फाय देणाऱ्या रेडिओचा स्वतःचा पत्ता), मग स्विच आणि त्याचं पोर्ट, मग नुसता स्विच, आणि शेवटी सबनेट. जे पहिलं जुळेल ते घेतलं जातं. म्हणून सबनेट एकच असण्याने तुमचं काही अडत नाही. सबनेटसमोर इमारतीचा पत्ता लिहा, दुसरं काहीच जुळलं नाही तरी दार तरी बरोबर जाईल. मजला मात्र वरच्या पायऱ्यांवरून काढा.

आता वाय-फाय. एका अ‍ॅक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणाऱ्या डबीला) एकच बीएसएसआयडी असतो असं समजून तक्ता भरायला बसलात तर निम्म्या नोंदी राहतील. प्रत्येक रेडिओवर, प्रत्येक नेटवर्कच्या नावाला वेगळा बीएसएसआयडी असतो. कर्मचाऱ्यांचं नेटवर्क, पाहुण्यांचं, प्रिंटर-कॅमेऱ्यांचं, आणि दोन बँड, म्हणजे छताला लावलेल्या त्या एका डबीचे सहा पत्ते झाले. बऱ्याच उत्पादकांचे हे पत्ते फक्त शेवटच्या अक्षरात वेगळे असतात आणि टीम्समध्ये तिथे तारांकन टाकून सगळे एका नोंदीत धरता येतात. पण त्याआधी कंट्रोलरवरून (सगळ्या डब्या सांभाळणाऱ्या यंत्रणेवरून) पूर्ण यादी उतरवा आणि शेजारच्या दोन डब्यांचे पत्ते एकाच तारांकनाखाली येत नाहीत ना, हे डोळ्यांनी तपासा. एकाच खेपेत खरेदी केलेल्या डब्यांचे पत्ते कधीकधी अगदी पाठोपाठचे असतात.

तारेच्या बाजूला स्विचवर एलएलडीपी (जोडलेल्या उपकरणाला आपली ओळख सांगायची पद्धत) चालू हवं, त्यातूनच स्विचची आणि पोर्टची ओळख मिळते. प्रत्येक मजल्याला वेगळे स्विच आहेत म्हणता, तर स्विचची चॅसिस ओळख नोंदवली की मजला मिळाला. फक्त स्टॅक असेल तर बघा: तीन मजल्यांचे स्विच एका स्टॅकमध्ये बांधले असतील तर तिघांची ओळख एकच दिसते, मग पोर्टपर्यंत जावंच लागतं. आणखी एक, टेबलावरच्या फोनच्या मागच्या पोर्टला लॅपटॉप लावला असेल तर एलएलडीपीचा निरोप फोनपाशीच थांबतो, लॅपटॉपपर्यंत येत नाही. अशा जागा शोधून ठेवा.

मजलेदार

फारच उपयोगी, दोघांचेही मनापासून आभार. तारतम्य, एक शंका. आमच्याकडे मधला चौक वरपर्यंत मोकळा आहे. दुसऱ्या मजल्यावर चौकाच्या कठड्याशी बसलेल्यांचे लॅपटॉप कित्येकदा तिसऱ्या मजल्याच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटतात. मग यंत्रणा छातीठोकपणे चुकीचा मजला सांगणार?

तारतम्य

सांगणार. म्हणून चौकालगतच्या पॉइंटांची ताकद कमी करून घ्या आणि तिथल्या टेबलांना तार द्या. पण एक मेख आहे: तार लावली तरी लॅपटॉपचं वाय-फाय चालू राहिलं तर बीएसएसआयडी आधी बघितला जातो. डॉकला, म्हणजे टेबलावरच्या तारेच्या जोडणीला, लावल्यावर वाय-फाय बंद होईल असं धोरण लावता येतं, तेवढं करून घ्या.

शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून अ‍ॅपला बीएसएसआयडी वाचायचा तर लोकेशनची परवानगी लागते. ती बंद असेल तर तुमचा सगळा तक्ता बरोबर असूनही उपयोग शून्य. परवानगी मध्यवर्ती धोरणातून द्या, लोकांच्या भरवशावर सोडू नका.

सुटसुटीत

मला थोडं वेगळं मांडायचंय. मी तुमच्याएवढ्याच इमारतीची व्यवस्था बघते. पोर्टपर्यंत, खोलीपर्यंत नोंदी करायच्या मागे लागू नका. जितकी बारीक नोंद, तितक्या लवकर ती शिळी होते. फर्निचर हललं, विभागांनी जागा बदलल्या, कोणी पॅच केबल दुसऱ्या पोर्टात खोचली की झालं. मग पडद्यावर '३१४ नंबरची खोली' असं खणखणीत दिसतं, धावत गेलेली माणसं ३१४ चं दार फोडतात आणि आजारी माणूस ३४० मध्ये पडलेला असतो. नुसतं 'तिसरा मजला' म्हटलं असतं तर त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या असत्या. मजला एवढंच ठेवा आणि तेवढं अचूक ठेवा.

तारतम्य

मुद्दा पटतो, पण नुसता मजला मला कमी वाटतो. मजलेदारांची मार्गिका लांब आहे. मी मजल्याचे चार भाग करतो आणि प्रत्येक भागात पडणारे अ‍ॅक्सेस पॉइंट त्या भागाच्या नावे लावतो. वाय-फायवरून तसंही खोलीपर्यंतचं सांगता येत नाही, त्यामुळे खोटा नेमकेपणा आपोआप टळतो. टेबलावरच्या पक्क्या फोनांना मात्र खोली लिहायला हरकत नाही, ते वर्षानुवर्षं हलत नाहीत.

सुटसुटीत

चार भाग चालतील. माझा विरोध खोलीला आहे.

फोनपलीकडची

मी या कॉलच्या दुसऱ्या टोकाला बसते, ९११ केंद्रात. सहसा इथे फक्त वाचते, पण हा धागा बघून राहवलं नाही.

आमचा पहिला प्रश्न नेहमी जागेचाच असतो. पडद्यावर पत्ता आलेला असला तरी आम्ही विचारतो आणि दोन्ही ताडून बघतो. कारण पुढचं काही कळायच्या आत कॉल तुटला, तर निदान माणसं कुठे पाठवायची ते हातात असतं. बोलणारा सावध असेल तर तुमच्या नोंदी नसल्या तरी निभावतं. पण धाप लागलेला माणूस, लपून कुजबुजणारी बाई, घाबरून कुठल्या इमारतीत आहोत हेच विसरलेला पाहुणा, यांच्या बाबतीत पडद्यावरची ती एक ओळच आमच्या हाती असते.

त्या ओळीत काय येतं ते सांगते. 'मॅटरहॉर्न'. 'इनोव्हेशन हब'. 'झोन ४ बी'. तुमच्या सभाकक्षांची नावं तुम्हाला पाठ आहेत, अग्निशामक दलाच्या माणसाला नाहीत. तो पहिल्यांदाच त्या इमारतीत शिरतोय, अंगावर तीस-चाळीस पौंडांचं सामान आहे, आणि त्याला दिसतात फक्त जिन्याच्या दारावरच्या पाट्या. ए जिना, बी जिना, मजला ३. म्हणून ओळीतही तेच लिहा: 'मजला ३, बी जिन्याजवळ, उत्तर बाजू'. मजला सगळ्यात आधी लिहा, कारण जुन्या पडद्यांवर जागेच्या रकान्यात मोजकीच अक्षरं मावतात आणि शेपूट कापलं जातं. कंपनीचं नाव आधी आणि मजला शेवटी असेल तर उरतं ते फक्त नाव.

मजला मोजताना इमारतीवर रंगवलेला आकडा घ्या. अमेरिकेत रस्त्याच्या पातळीवरचा मजला हाच पहिला. तक्ता भरणारी माणसं दुसऱ्या देशात बसून काम करत असतील आणि त्याला तळमजला म्हणत असतील, तर सगळी इमारत एका मजल्याने खाली सरकते. हे मी पाहिलंय.

आणि परत फोन करायचा नंबर! कॉल तुटला की आम्ही उलटा लावतो. तो जाऊन पडतो 'विक्री विभागासाठी १ दाबा, हिशेबासाठी २ दाबा' या आवाजावर. त्या क्षणी काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. कृपा करून तेवढं तरी बघा.

मजलेदार

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या तक्त्यात अगदी 'झोन' आणि सभाकक्षांची नावंच होती. उद्याच जिन्यांवरच्या पाट्यांचे फोटो काढून नकाशावर चढवतो.

परतीच्या नंबराबद्दल: आमच्या लोकांना स्वतंत्र नंबर आहेत, पण जेवणघरातल्या भिंतीवरच्या आणि मालउतार धक्क्यावरच्या फोनला नाहीत. त्यांचा बाहेर दिसणारा नंबर मुख्यच आहे.

तारतम्य

त्यांना थेट नंबर देऊन टाका, हा सगळ्यात सरळ उपाय. जिथे शेकडो विस्तार (एक्सटेंशन) आहेत आणि तेवढे नंबर नाहीत, तिथे प्रत्येक भागाला एक ठरावीक नंबर राखून ठेवतात. त्याला एलिन म्हणतात. त्या भागातून कोणीही ९११ लावला की बाहेर तो नंबर जातो आणि गेटवे (आतले फोन बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) लक्षात ठेवतो की शेवटचा कॉल कुठल्या फोनवरून झाला. केंद्राने उलटा फोन केला की त्याच फोनवर घंटा वाजते.

रेवा

घरून काम करणाऱ्यांचा विषय राहिलाच. व्हीपीएनने (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित बोगद्याने) सगळी वाहतूक ऑफिसातून फिरवत असाल तर घरचा लॅपटॉप बाहेरून ऑफिसच्या आयपीवर दिसतो, म्हणजे विश्वासू यादीत बसला. आता घरच्या राउटरचा सबनेट १९२.१६८.१.० आणि तुमच्या नोंदवहीतही तोच सबनेट ऑफिसच्या नावे असेल, तर झालं. माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात कोसळलाय आणि अ‍ॅम्ब्युलन्स ऑफिसच्या दारात उभी. तारतम्य म्हणतात तसा सबनेटला इमारतीचा पत्ता लावताना हे आधी तपासा. आवाजाची वाहतूक बोगद्याबाहेर काढा आणि घराघरांत सापडणारे सबनेट नोंदवहीत ठेवू नका.

घरच्यांसाठी टीम्समध्ये स्वतःचा पत्ता पक्का करायची सोय असते. ती धोरणातून चालू करावी लागते. लोक तो संदेश बघून न बघितल्यासारखा करतात, म्हणून आम्ही नव्या माणसाच्या पहिल्याच दिवशी समोर बसून भरून घेतो. पत्ता नसलेला किंवा न पडताळलेला कॉल बरेचदा आधी मधल्या केंद्रात जातो, तिथला माणूस तोंडी पत्ता विचारतो आणि मग योग्य केंद्राला जोडतो. बोलता येत नसलेल्या माणसाचं त्यात काय होईल, ते फोनपलीकडचींनी वर लिहिलंच आहे.

कलम_५०६

चाचणीबद्दल कोणीच बोललं नाही. बऱ्याच पुरवठादारांकडे ९३३ लावला की यंत्र तुमचा नंबर आणि नोंदलेला पत्ता वाचून दाखवतं. प्रत्येक मजल्याच्या प्रत्येक भागात जाऊन तो लावा. एकदा वाय-फायवर, एकदा तारेवर. खऱ्या ९११ वर चाचणी करायचीच असेल तर स्थानिक केंद्राच्या बिगर-तातडीच्या नंबरावर आधी फोन करून वेळ ठरवा. न सांगता मुळीच लावू नका.

अवांतर, पण महत्त्वाचं: बाहेरच्या लाइनसाठी अजूनही ९ ठेवला असेल तर तो बदला. ९ दाबून लांबच्या कॉलचा १ दाबताना बोट दोनदा पडलं की ९११ लागतो. ७ किंवा ८ ठेवा. आणि चुकून लागलाच तर फोन आपटू नका, थांबून चूक झाली म्हणून सांगा.

फोनपलीकडची

शेवटच्या वाक्याला शंभर टक्के दुजोरा. फोन ठेवलात तर आम्हाला उलटा फोन करावा लागतो आणि कोणी उचलला नाही तर बरेचदा माणूस पाठवावा लागतो. तेवढ्यात दुसरीकडे कोणीतरी खरोखर वाट बघत असतं.

मजलेदार

बरंच काम झालं, म्हणून कळवतो. प्रत्येक मजल्याचे जिन्यांच्या पाट्यांप्रमाणे चार भाग पाडले, अ‍ॅक्सेस पॉइंटांची यादी कंट्रोलरवरून घेतली आणि सुटसुटीत यांचं ऐकून खोल्या वगळल्या. तारांकनाचा इशारा फार कामाला आला, पहिल्या मजल्यावरचे दोन शेजारी पॉइंट खरोखरच एकाच नोंदीत जात होते. ९३३ ची फेरी चालू आहे, चौकाशेजारची टेबलं अजून नीट बसलेली नाहीत. सूचना आता रिसेप्शनच्या गटाला आणि सुरक्षारक्षकाच्या मोबाइलवर जाते. रक्षकाचं काम ठरवलंय: मुख्य दार उघडं धरायचं, लिफ्ट खाली आणून थांबवायची, आणि येणाऱ्यांना योग्य जिना दाखवायचा. ठेकेदाराने सुधारित कामाचा आराखडा दिलाय.

आता दोन गोष्टी उरल्या. लिफ्टमधला फोन कुठून जातो ते शोधतोय. आणि हे सगळं पुढे ताजं कसं ठेवायचं?

तारतम्य

लिफ्टचा फोन बहुधा जुन्या अ‍ॅनालॉग लाइनवर असतो. पीबीएक्स काढताना ती लाइन कोणी तोडली नाही ना, हे आजच्या आज जाऊन बघा. फोन उचलून बघा.

ताजं ठेवण्याचा मला जमलेला एकच मार्ग: अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा स्विच बदलायच्या प्रत्येक कामाच्या तिकिटात 'जागेची नोंद बदलली, तिथून ९३३ लावला' असा रकाना घाला आणि तो भरल्याशिवाय तिकीट बंद होऊ देऊ नका. बिघडलेली डबी बदलायला रात्री आलेला माणूस नवी लावून निघून जातो, तिचे पत्ते वेगळे असतात, आणि इमारतीचा तेवढा कोपरा नोंदवहीतून गायब होतो. कोणाला कळतही नाही, कारण वाय-फाय तर उत्तम चालू असतं. कंट्रोलरवर दिसणारे पण नोंदवहीत नसलेले बीएसएसआयडी रोज पहाटे काढून पाठवणारी एक छोटी स्क्रिप्ट आमच्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.

सुटसुटीत

मलाही पाठवा.

मजलेदार

व्यनि केलाय. लिफ्टचा फोन आत्ता उचलून बघितला: डायलटोन नाही. लिफ्ट कंपनीला कळवलंय, लाइन सुरू होईपर्यंत लिफ्टवर पाटी लावून ती बंद ठेवली आहे.